भरदुपारी टोपी घालून

आई देवळालीत चार घरची धुणीभांडी करायची, तेव्हा दादा जवान म्हणून भरती झाला. शेजारी एक रिटायर्ड सुभेदार राहायचे. त्यांचं बोलणं म्हणजे हुकूमच, कुत्र्यालाही "पीछे मुड!" म्हणायचे. मला धाकच वाटायचा.

दादा सीमेवर होता, आठवडाभर फोन लागत नव्हता. आणि भरदुपारी सुभेदार फौजी टोपी घालून, छातीवर मेडलं लावून दारात उभे! अशा वेशात फौजी माणूस कसली बातमी आणतो, हे आमच्या गल्लीला ठाऊक होतं. आई मटकन खाली बसली.

"काका, बोला ना!" मी ओरडले.

"वहिनी, उठा. पोरगा सीमेवरून अफसरीच्या मुलाखतीला गेला होता, तिथे फोन जमा करून घेतात. पास झाला, त्याच्या पलटणीतून मला कळवलं. म्हणून तुम्हाला सॅल्यूट करायला आलो. टोपीशिवाय सॅल्यूट नसतो."

त्यांचा हात खाडकन वर गेला. आई पदर सावरत उठून उभी राहिली.

ट्रेनिंग संपवून दादा लेफ्टनंट झाला. आमच्या घराण्यातला पहिला अफसर.