ताडीवाल्याचं नाव

बोईसरजवळची ती ताडीची केस अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही. तारापूरकडे अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात होतं आणि मी पालघर ठाण्यात फौजदार होतो. दारूबंदी होती, म्हणजे कागदावर होती. ज्याला प्यायची होती तो पीत होता, आणि ज्याला पकडायचं होतं तो, म्हणजे मी, धावून दमत होतो.

एका सकाळी गावचे पोलीस पाटील धापा टाकत ठाण्यात आले. दोन मजूर मेले होते आणि काही जणांना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. सगळे आदल्या दिवशी एकाच घरी ताडी प्यायले होते. आम्ही पोचलो तर ताडीवालाही ओट्यावर मरून पडलेला, आणि त्याची बायको मडकी धुऊन पालथी घालत होती. पुरावा नष्ट करतेय, असा संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं. पंचनामा केला, एका मडक्याच्या तळाशी उरलेली ताडी बाटलीत सील केली आणि बाईला ठाण्यात आणलं.

चौकशी दिवसाउजेडी, पाटलांच्या बायकोला शेजारी बसवून केली.

"काय मिसळलंस?"

"काय नाय. माज्या घरवाल्यानी कदी पान्याचा थेंब घातला नाय."

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, तरी तेच उत्तर. बाटलीला तर रंगाच्या दुकानासारखा वास येत होता.

शेवटी मी नुसतं धंद्याबद्दल विचारलं, आणि बाई बोलायला लागली. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की खोटं बोलायचं विसरतो, हा माझा अनुभव. नवरा उजाडताच ताडावर चढायचा. ताजी, गोड ताडी घेऊन उतरला की स्वारी खुशीत असायची. पार वैतरण्याहून माणसं यायची, ताडी प्यावी तर याच्याकडची म्हणायची. मग प्रकल्पावर मजूर आले.

"झाडाला काय म्हायती, पगार कदी हाय तो?" ती म्हणाली. "मडकी रिकामी झाली का लोक शिव्या देत. भरलेली असली का तुमचे शिपाई येऊन फोडत."

गिऱ्हाइकाच्या आधी पहिली वाटी तो स्वतः घ्यायचा, हेही तिनं सांगितलं.

"आणि काल?"

"कालबी पयली तेनीच घेतली."

तिथे मला वाट दिसली. विष आहे हे ठाऊक असलेला माणूस पहिली वाटी घेत नाही. म्हणजे त्यालाही कोणीतरी फसवलं होतं. मी म्हटलं, "बाई, ज्यानं तुझ्या नवऱ्याला ते दिलं, त्याच्याकडे आणखी असणार. आज ते दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल."

तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. मग म्हणाली, "सांगितला तर लोक म्हनतील, तो भेसळ करी."

मडकी तिनं कशासाठी धुतली होती, ते मला आत्ता कळलं.

"म्हणतील," मी म्हणालो. खोटा दिलासा देणं मला जमलं नाही.

तिनं नाव सांगितलं. रंगकामाच्या एका ठेकेदाराचा गोदामवाला होता. पॉलिशचं स्पिरिट तो पिण्याचं म्हणून विकत होता. त्याच दुपारी छापा घातला, तेव्हा भरलेले डबे गाडीवर चढत होते. ते डबे गावोगाव पोचले असते.

खटला उभा राहिला. तिची साक्ष होती आणि कोर्टात अर्धं गाव जमलं होतं. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "तुमचा नवरा भेसळ करून गिऱ्हाइकांना फसवत होता, हे खरं ना?"

ती नाही म्हणाली असती, तर गोदामवाला सुटला असता. तिनं एकदा गावकऱ्यांकडे पाहिलं. "हाय खरा," ती म्हणाली.

आरोपीला शिक्षा लागली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. बाहेर आलो तर गावची माणसं तिला न घेताच निघून गेली होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "तुझ्यामुळे माणसं वाचली, बाई."

"तुमची केस झाली, सायेब," ती म्हणाली. "माजा मानूस आज मेला."

साक्षीदार खरं बोलत नाहीत म्हणून आम्ही पोलीस चिडतो. त्या केसनंतर मी पुष्कळ जबाब लिहून घेतले, पण "खरं सांगायला तुझं काय जातंय?" असं पुन्हा कुणाला विचारलं नाही.