वहिनीचा न उसवणारा स्वेटर

सुनंदावहिनीला जाऊन महिना होत आला, तरी ती घाटकोपरच्या इस्पितळातली डायलिसिसची खोली डोळ्यांपुढून जात नाही. बाहेर घामाच्या धारा आणि आत एसी असा लावलेला, की दातावर दात. वहिनी चादरीत आक्रसून पडली होती. मला बघून म्हणाली, "थंडी वाजतेय रे. घरातला एखादा लोकरीचा स्वेटर आण ना."

मी मुलुंडला जाऊन तिचं कपाट उघडलं. साड्या होत्या, शाल होती, स्वेटर एकही नव्हता. आमच्या सगळ्या खानदानाला विणून घालणारी बाई ही...

मुलुंडला थंडी ती किती! डोंगराकडून चार दिवस वारा येणार, संपलं. पण तेवढ्यासाठी गणपती गेले की वहिनी सुया काढायची. लोकर तेव्हा तोलून मिळायची आणि महाग वाटायची, म्हणून ती जुनाच स्वेटर उसवायची. धागा गरम पाण्यातून काढून बाल्कनीत वाळवायची आणि गुंडाळताना लडी धरायला मला समोर बसवायची. "हात खाली नको हं रे, गुंता झाला तर तूच सोडवशील." दादाचा बंद गळ्याचा निळा स्वेटर असा माझा बिनबाह्यांचा झाला. पुढे त्याच लोकरीत पांढरे पट्टे घालून तिच्या मुलाचा, मंदारचा, व्ही गळ्याचा झाला. तिचा स्वतःचा विणायचा राहायचा, कारण लोकर कधी उरलीच नाही.

मग दिवाळीनंतर फुटपाथवर रेडीमेड स्वेटरांचे ढीग पडायला लागले. रंग झकास, दोन घेतले की भाव कमी. नुसत्या लोकरीला त्याहून जास्त पैसे पडू लागले, आणि एक दिवस लोकरीच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकली. मंदार म्हणाला, "आई, असला कोण घालतं आता? चेनवाला हवा, टोपीवाला." तिच्या हातचे स्वेटर घरोघरी बोहारणीच्या गाठोड्यात गेले आणि त्या बदल्यात स्टीलची पातेली आली. कपाटात स्वेटर सापडला नाही त्या दिवशी मी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. एकाकडेही तिचा स्वेटर नव्हता.

शेवटी मंदारने ऑनलाइन मागवलेला जाडजूड टोपीवाला तिच्या अंगात चढवला. तिने कापड चिमटीत धरून पाहिलं. "हा उसवायचा कसा रे?"

"कशाला उसवतेस, वहिनी? गप ऊब घे."

"सुनेला सातवा लागलाय ना."

मी हसण्यावारी नेलं.

ती गेल्यावर इस्पितळातून तिची पिशवी आली. स्वेटर घडी करायला घेतला, तर खालच्या काठाची शिवण वीतभर उकललेली. डायलिसिसची सुई नसलेल्या, मोकळ्या हाताच्या नखांनीच उकलली असणार. आत नुसती कापलेली कड आणि बोटभर लांबीचे तुटके धागे. थंडीने काकडत असताना ती अंगावरचा स्वेटर उसवायला बसली होती, आणि तिला एका टोपड्यापुरतीही लोकर मिळाली नाही... याचं मला अजून रडू येतं.