इंदुकाकूंचा विलायती कद्दू

इंदुकाकू भाजी मापायच्या ती स्वतःच्या अंगावर. बोटाएवढी, मनगटाएवढी आणि पोटरीएवढी, अशी त्यांची तीन मापं होती. सकाळी सहाच्या सुमाराला त्या अंगणातल्या वाफ्यांत वाकून एकेक पान उचलून बघायच्या आणि खाली लपलेल्या फळाशी बोलायच्या, "काल तर बोटाएवढा होता रे! आज मनगट झाला? थांब, पोटरी व्हायच्या आधी तुले उतरवते." भिंतीच्या अलीकडे दात घासत उभा असलेला मी हे ऐकायचो. लखनौच्या अलीगंजमध्ये भल्या सकाळी भंडाऱ्याकडची मराठी कानावर पडली की काय होतं, ते परमुलखात एकट्याने खोली घेऊन राहिलेल्यालाच कळेल.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी तेवीस वर्षांचा, सरकारी कचेरीत नवा चिकटलेला कारकून. तिवारीजींच्या घराच्या वरच्या मजल्यावर माझी खोली होती. ती मिळाली तेव्हा तिवारीजींच्या आईने, अम्माजींनी, पहिलाच प्रश्न विचारला होता, "बेटा, कौन बिरादरी?" मी म्हणालो, "महाराष्ट्र के हैं, अम्माजी. मराठे." तिकडे महाराष्ट्रातला जो तो मराठाच, त्यामुळे हे खोटं नव्हतं आणि खरं तर मुळीच नव्हतं. आडनाव विचारलं तेव्हा वडिलांचं नाव सांगून मोकळा झालो. आम्ही बौद्ध. घरी वडिलांना हे कळलं असतं तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं. पण खोली हवी होती, आणि आधी दोन घरांनी जात कळताच पाणीही न विचारता मला परत पाठवलं होतं.

शेजारचं घर गजभियेकाकांचं. मराठी ऐकून एका रविवारी मी तिथे गेलो. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला तो फोटो. आमच्याही घरी अगदी असेच दोन फोटो शेजारीशेजारी होते. मी हात जोडून "नमस्कार" म्हटलं, पण माझी नजर त्या फोटोवर जरा जास्त रेंगाळली असावी. काकूंनी गाव विचारलं, तालुका विचारला. त्यानंतरचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. तो त्यांनी गिळला आणि म्हणाल्या, "बस. चहा ठेवते." पुढे दोन वर्षं मी त्यांच्याकडे जेवलो आणि तिवारीजींकडे येऊन सांगितलं की अपने देस की भाषा बोलायला जातो, खातो मात्र ढाब्यावर.

काकूंचं स्वतःचं काही झाकलेलं नव्हतं. अम्माजींनी त्यांनाही पहिल्याच दिवशी, पाणी भरताना, तोच प्रश्न विचारला होता. काकू म्हणाल्या होत्या, "हम बौद्ध हैं, अम्माजी. पहले जो थे, वो भी बता दूँ?" हे मला काकांनी हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. एका वाक्याला माणसाला एवढं बळ लागतं आणि या बाईने ते पाणी भरता भरता खर्च केलं, याचंच मला नवल वाटत राहिलं.

कद्दूची कथा अशी. काकांच्या ओळखीचे एक मराठी हवालदार छावणीत होते. त्यांच्या साहेबांची बदली झाली तेव्हा मेमसाहेबांच्या सामानातून उरलेली बियांची एक पुडी त्यांनी काकांना दिली. पुडीवरचं नाव पुसून गेलेलं. काकूंनी दुधी समजून फेब्रुवारीत सगळं बी पेरलं आणि वर काकांकडून बांबूचा झकास मांडव घालून घेतला. मांडव शेवटपर्यंत रिकामाच राहिला. वेल म्हणून काही चढलंच नाही. खाली ढोपराएवढी झुडपं फुगली आणि त्यांच्या बुडाशी गर्द हिरवी, काकडीसारखी दिसणारी, पण काकडी नसलेली फळं धरायला लागली. आज हीच भाजी झुकिनी म्हणून मोठ्या दुकानांत गुंडाळून ठेवलेली दिसते. तेव्हा अलीगंजमध्ये तिला कुणी ओळखत नव्हतं. काकूंनी तिचं नाव विलायती कद्दू ठेवलं आणि साऱ्या गल्लीने तेच उचललं.

एप्रिलमध्ये रोज टोपली भरायला लागली. एक दिवस उतरवायचं राहिलं की बोटाची पोटरी होई. काका दोन दिवसांत वैतागले. "आता मी ऑफिसमध्येच जेवतो," म्हणाले. काकूंनी मात्र पदर खोचला. बोटाएवढ्या फळांना चीर देऊन तीळ, खोबरं आणि दाण्याचं कूट भरलं. मनगटाएवढ्यांच्या चकत्यांवर बेसन पेरून कोरडी भाजी केली. पोटरीएवढी किसायची, मीठ लावून कपड्यात पिळायची आणि निथळलेल्या पाण्यातच कणीक भिजवायची. "पानी फेकाचं नाही. सारी चव त्यातच पळून जाते," हे त्या मला वर्गात शिकवल्यासारखं सांगायच्या. त्या किसाची मुटकुळी वाफवली, थालीपिठं थापली, सालीचा लसूण घालून ठेचा केला. पिवळ्या फुलांची भजी केली. निबर फळांच्या बिया तव्यावर भाजून माझ्या खिशात भरल्या. किसात मुगाची डाळ वाटून सांडगे घातले तेव्हा तिवारीजींची बायको, तिवारीभाभी, भिंतीवरून बघून ओरडली, "अरे बहनजी, ये तो हमारी कुम्हड़ौरी हो गई!"

महिनाभर एकच भाजी, आणि कालचं आज ताटात कधी दिसलं नाही. काकू जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी मोठमोठ्या ठिकाणी जेवलो आहे. पण साधी, पाणचट, स्वतःची चव नसलेली एक भाजी हातात आल्यावर न कंटाळता रोज तिच्यातून नवं काही काढणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला सुचतं कसं?" त्या म्हणाल्या, "आमच्या मायच्या घरी भाजी कमी अन् खानारे जास्त होते. इथं उलटं झालं. डोकं तेच चालवाचं."

उरलेले कद्दू भिंतीवरून शेजारी जायचे. ते अम्माजी घ्यायच्या. "सब्ज़ी तो धरती मैया की है," म्हणून नळाखाली धुवायच्या आणि आत न्यायच्या. त्या मुलखात अन्नाचे दोन भाग. पाण्यात शिजलेलं ते कच्चं, तुपात तळलेलं ते पक्कं. कच्चं फक्त आपल्या बिरादरीच्या हातचं चालतं, पक्क्याला थोडी सवलत असते आणि न शिजवलेल्या भाजीला तर काहीच बंधन नाही. काकूंना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: न शिजवलेली भाजी हवी त्याला द्यायची, पण शिजवलेलं घेऊन कुणाच्या दारात जायचं नाही. "घरी येऊन मागन त्याले पोटभर. दारात जाऊन नाही मी 'घ्या' म्हननार."

तिवारीभाभीच्या हाती त्या भाजीचं नुसतं पाणी व्हायचं. ती रोज भिंतीशी येऊन विचारी आणि काकू हातवारे करून मीठ लावायला, पिळायला शिकवत. एक दिवस भाभी हळूच म्हणाली, "बहनजी, एक बार आप ही घी में कोफ़्ते तल दीजिए ना. हलवा बना दीजिए. पक्का तो अम्माजी खा लेंगी." बिचारीने मनापासून म्हटलं होतं. तिला काकूंची चव घरात आणायची होती आणि सासूलाही दुखवायचं नव्हतं. काकूंनी किसणी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बहू, हाथ तो एक ही है. तले तो अच्छा, उबाले तो बुरा, ऐसे दो हाथ मेरे पास नहीं." आणि पुन्हा किसायला लागल्या. त्या मोसमात त्यांनी हलवा केलाच नाही. मला गोड आवडायचं, तरी नाही.

मेमध्ये गरम वाऱ्याची लू सुरू झाली आणि झुडपांनी मान टाकली. शेवटची टोपली निघाली त्या रविवारी काकूंनी गल्लीत जाहीर केलं, "आज बगीचा ख़तम. जिसको खाना है, आँगन में आओ." रिकाम्या मांडवावर चादरी टाकून सावली केली. मुटकुळी, भरलं, पेरलेली भाजी, ठेचा, भाकरी. सगळं पाण्यात शिजलेलं नाहीतर तव्यावर भाजलेलं, तळणीचं नाव नाही. काकांच्या कचेरीतले लोक आले, कोपऱ्यावरचं बंगाली जोडपं आलं, भाजीवाला आला आणि स्वतः पिकवल्यासारखा तारीफ करत बसला. गल्लीतली बाकीची दारं मात्र लोटलेलीच होती.

मी धुतलेला सदरा घालून जिना उतरलो. खाली तिवारीजी खुर्ची टाकून बसले होते. "कहाँ भैया? उधर तो नहीं जा रहे खाने? आप तो मराठा ठहरे," ते हसत म्हणाले. हसण्यात दुष्टावा नव्हता, पण डोळे माझ्यावर होते. छातीएवढ्या भिंतीच्या पलीकडे काकू भाकऱ्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "नहीं तिवारीजी, पेट ज़रा गड़बड़ है. टहलने निकला था." काकूंनी ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टोपली घेऊन पंगतीत गेल्या. मी वर जाऊन खाटेवर पडलो. खालून ताटांचे आणि हसण्याचे आवाज येत होते. त्या दुपारइतकी शरम मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून काकूंचा आवाज आला. मी कठड्यावरून पाहिलं. काकू तिवारीजींच्या फाटकात उभ्या होत्या, हातात ताटलीने झाकलेली वाटी. "अम्माजी, ऊपरवाला लड़का बीमार है. पतली खिचड़ी लाई हूँ, कद्दू डालकर."

जी बाई कुणाच्या दारात शिजवलेलं न्यायची नाही, ती माझ्या खोट्या पोटदुखीसाठी त्याच दारात उभी होती.

अम्माजी ओट्यावर माळ ओढत होत्या. त्या अवघडून म्हणाल्या, "बहनजी, पका हुआ इस देहरी के अंदर... आप तो जानती हैं." "जानती हूँ," काकू म्हणाल्या, "मैं यहीं खड़ी हूँ. उसको बुला दीजिए." एवढ्यात मी अनवाणीच खाली पोचलो होतो. अम्माजी मला मायेने म्हणाल्या, "बेटा, इनके हाथ का मत लेना. मैं अभी साबूदाना बनवाए देती हूँ." त्या वाईट नव्हत्या. माझ्या तापात त्यांनी काढाही दिला होता. त्यामुळेच बोलणं अवघड होतं.

मी वाटी घेतली आणि फाटकाच्या पायरीवर बसलो. पहिला घास घेतला आणि म्हणालो, "अम्माजी, मैं बीमार नहीं हूँ. और मराठा भी नहीं हूँ. जो ये हैं, वही मैं हूँ. दो साल से छुपा रहा था." माळ थांबली. अम्माजी म्हणाल्या, "दो साल हमारे आँगन से पानी भरा तुमने!" आणि उठून आत गेल्या. मी खिचडी संपवली. काकू वाटी घेऊन निघून गेल्या.

संध्याकाळी तिवारीजींनी नजर चुकवत, फार अदबीने, खोली सोडायला सांगितलं. ट्रंक घेऊन मी काकूंकडे गेलो. वाटलं होतं, त्या पाठ थोपटतील. त्या माझ्यावर उखडल्या.

"काहून बोलला रे तू? नसती घेतली वाटी तर मी परत आली असती गुपचूप!"

"काकू, तुम्हाला खरंच वाटलं का मी आजारी आहे?"

"तू म्हनला आजारी, तर आजारी. मी काय नाडी तपासाले बसू? दोन वर्सं तुझी गोष्ट पोटात ठेवली मी. तुझ्या काकालेबी सांगितली नाही. गावाकडून कोनी आलं की पहिले त्याले बाजूले घेऊन सांगाव, त्या पोराले आडनाव विचारू नको म्हनून. जी गोष्ट मी माझ्यासाठी कधी केली नाही, ती तुझ्यासाठी करत राहिली."

बोलता बोलता त्या रडायला लागल्या. काकूंना रडताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. मी ट्रंकेची कडी धरून उभाच राहिलो. मला वाटत होतं, लपण्याचं ओझं मी एकटाच वाहतो आहे.

काकूंनी पदराने तोंड पुसलं, माझ्या हातातली कडी सोडवून ट्रंक आत ओढली आणि म्हणाल्या, "बरं केलं बापा. फार जड झालं होतं मले ते."