हळद लागलेले चारशे रुमाल

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात मी डिस्पॅच क्लार्क होतो. खाली लूम, वर शिलाई आणि घडी-पॅकिंग. आयुष्यभर कच्चं कापड विणून व्यापाऱ्यांना देणाऱ्या आमच्या शेठना त्या वर्षी पहिल्यांदाच परदेशची ऑर्डर मिळाली: चार हजार पांढरे सुती रुमाल, कोपऱ्यात निळा छाप. युरोपातल्या डोंगरांमधल्या कुठल्याशा गावात दरवर्षी डिसेंबर संपता संपता बर्फावरच्या हॉकीची स्पर्धा भरते. देशोदेशीच्या क्लबांना आमंत्रण जातं. गोल झाला की प्रेक्षकांनी हे रुमाल हलवायचे. माल स्वच्छ आणि वेळेवर पोचला तर दरवर्षीची ऑर्डर, नाहीतर शेठ पुन्हा कच्च्या कापडावर.

बर्फावरची हॉकी म्हणजे काय, हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण क्लार्कला तसं म्हणून चालत नाही. मी घडीखात्यात उभा राहून समजावून दिलं, की बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणतात, मैदानभर जोडतात आणि त्यावर घसरत खेळतात. घडीखात्यातली मावशी खाडीकाठच्या कशेळी गावची. तिचं अर्धं आयुष्य मासळीच्या टोपलीत बर्फ फोडून घालण्यात गेलेलं. हातातली घडी न थांबवता तिने विचारलं, "आनि वितळला म्हंजे?"

म्हणून तर घाईघाईत खेळतात, असं मी सांगितलं.

दसऱ्याला आमच्याकडे लूमना झेंडूचे हार पडायचे. शेठ मुसलमान, पण पेढे त्यांचेच असायचे आणि ते स्वतः वाटायचे. त्या वर्षी माझ्या डोक्यात आलं, की इतका लांबचा माल देवाच्या नजरेखालून जायला हवा. बंद खोक्याची कसली पूजा? म्हणून मी भरलेली खोकी उघडली आणि रुमालांच्या चळती बाहेर काढून पाटावर रचल्या. कुंकवाचा डाग जात नाही, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी हुशारीने नुसतं हळदीचं पाणी केलं. तांब्या सगळ्यात उंच चळतीवर ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले. हात जोडताना माझं कोपर कुठे गेलं, ते देवालाच माहीत.

डोळे उघडले तेव्हा चारशे रुमाल पिवळे झाले होते.

शेठ खाली पेढे वाटत होते. मी दोन डझन रुमाल शर्टाखाली खुपसून मोरीत गेलो आणि साबणाने घासायला लागलो. डाग लालभडक झाले. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे घरोघरच्या बायकांना माहीत असतं. माझ्याही घरी बायको होती, पण मी तिला असलं काही कधी विचारलं नव्हतं. घासावं तितकं लाल. बाहेर आलो तर दारात मावशी.

"साबन नको लावू रं," ती म्हणाली. "हळद हाय ती. साध्या पान्यात काढ आनि ऊन दाव तिला. तीन दिसांत जाईल."

"नाही गेली तर?"

"तर शेठला सांगू, मावशीनं सांडली."

हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. पण तेवढ्यात शेठच जिना चढून वर आले, त्यामुळे खोटं बोलायची वेळ आली नाही. त्यांनी पाट पाहिला, माझे लाल हात पाहिले. मग म्हणाले, "मुनीमजी, पूजा आपने की, माल मेरा था. दुआ भी मुझे ही लगेगी ना?" मावशीने उन्हाचा उपाय सांगितला, तसा त्यांनी रुमाल तिच्या घरी न्यायला टेम्पो बोलवायला सांगितलं.

मावशीच्या अंगणात बोंबील सुकवायच्या काठ्या उभ्या होत्या. खाडीकडून येणारं वारं, वर ऑक्टोबरचं ऊन. मला वेगळीच धास्ती, की गोल झाला की परदेशात सुक्या मासळीचा वास सुटायचा. मावशी डाफरली, "या साली अजून एक बी बोंबील न्हाय टांगला. हुंगून बघ." मी खरोखरच काठ्या हुंगत फिरलो. शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या आणि विचारू लागल्या, एवढी हळद उतरली, नवरा कोन हाय? मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं.

तीन दिवस मी कामावर न जाता कशेळीला गेलो. रुमाल पाण्यात बुडवायचे, पिळायचे, टांगायचे, दुपारी बाजू पालटायची. मावशी मला जेवायला वाढायची आणि जेवताना माझा बर्फाच्या लाद्यांचा किस्सा आल्यागेल्याला ऐकवायची. पहिल्या संध्याकाळी डाग फिकट झाले. दुसऱ्या दिवशी शोधावे लागले. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले, एकेक रुमाल आकाशासमोर धरून पाहिला आणि मावशीपुढे हात जोडले. इस्त्री करून माल ठरलेल्या दिवशी निघाला.

जानेवारीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फोटो आला. खाली एकसंध पांढराशुभ्र बर्फ, एकही जोड नाही. भोवती माणसांच्या रांगा आणि हजारो हातांत आमचे रुमाल. सोबत पुढच्या वर्षीची ऑर्डर होती. शेठनी सगळा कारखाना वर बोलावला. मावशी पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. "यांतले आपले उन्हातले कंचे?" तिने विचारलं. कुणालाच सांगता येईना. शेठ म्हणाले, "यही तो बात है, मौसी." मग मावशी माझ्याकडे वळली. लाद्या कुठं दिसत नाहीत, म्हणाली.

पुढच्या दसऱ्याला पूजा झाली, खोकी बंद ठेवूनच. शेठनी हळदीच्या पाण्याचा तांब्या मावशीच्या हातात दिला आणि मला पेढ्यांचा बॉक्स. तोही त्यांनी सुतळीने बांधून आणला होता.