पाच टनांचा पट्टा

भिलाईत कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत मी तिथं फोटोग्राफर होतो. कारखान्याचा नव्हे. तिथं काम करणाऱ्या पुष्कळ ठेकेदार कंपन्या होत्या, त्यांतल्या एका लहानशा कंपनीचा. आमचं काम किती पुढं गेलं हे दर आठवड्याला वरच्या कचेरीला फोटोतून दाखवायचं, एवढीच माझी नोकरी. त्यांना ‘प्रगतीचे फोटो’ म्हणत. काम पुढं गेलेलं नसेल तेव्हा उभं राहायची जागा बदलून फोटो काढायचा, हे मला पहिल्याच महिन्यात शिकवण्यात आलं.

वडील रेल्वेत गार्ड होते, त्यामुळं आम्ही दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. तिथून सायकलनं भिलाई. फोटो काढायला मी शिकलो नागपूरला, मामाच्या स्टुडिओत. तिथं कॅमेरा एका जागी उभा असायचा आणि माणसं भांग पाडून त्याच्यापुढं येऊन बसायची. भिलाईत सगळं उलटं. फर्नेस काही माझ्यापुढं येऊन बसणार नव्हती, मलाच तिच्या शिड्या चढाव्या लागत. घडीचा मोठा कॅमेरा, काचेच्या प्लेटा, फ्लॅशगन, तिच्या बॅटरीचा डबा, सगळं एका काळ्या कातडी बॅगेत. लाकडी ट्रायपॉड वेगळा, तो दुसऱ्या खांद्यावर. आणि त्या अवजड बॅगेचा पट्टा होता दोन बोटं रुंद. ज्यानं ती बॅग बनवली त्यानं ती टेबलावर ठेवून पाहिली असावी.

सकाळी आठला पट्टा खांद्यावर चढायचा तो संध्याकाळीच उतरायचा. उन्हाळ्यात घामानं कातडं मऊ व्हायचं आणि मांसात रुतायचं. एके दिवशी सदरा काढला तर आई ओरडलीच.

“हे काय करून आला रे? कोनी मारलं का?”

“कोणी नाही. पट्टा आहे बॅगेचा.”

तिनं तव्यावर मीठ गरम केलं, पुरचुंडी बांधली आणि शेकत बसली. वडील खाटेवरून पाहत होते. ते म्हणाले, “आमची गार्डाची पेटी आमी उचलतच नाई. त्याले पोर्टर असते. तुह्या कंपनीत पोर्टर नाई का?”

“मीच आहे,” मी म्हणालो.

मग मी आपल्या अकलेनं उपाय सुरू केले. सायकलची जुनी ट्यूब लावून पाहिली. खांद्याला ती लोण्यासारखी वाटली, पण चालताना बॅग वरखाली नाचायची आणि शिडीवर गुडघ्यावर येऊन आदळायची. बिस्तऱ्याचा पट्टा लावला, तो घसरायचा. आईनं गोधडीचा तुकडा दुमडून खांद्यावर शिवून दिला. तो दहा पावलांत पाठीवर जायचा आणि लोक मागून विचारायचे, “क्यों भैया, कूबड़ निकल आया क्या?”

शेवटी मी साहेबांकडं गेलो. आमचे साहेब पुण्याकडचे, प्रसिद्धीचं काम पाहणारे. गोरेपान, इस्त्रीचे, टेबलावरच्या काचेवर बोटाचा ठसाही न खपणारे.

“चांगला पट्टा पाहिजे होता साहेब. दिवसभर बॅग उचलवत नाही.”

“तुमच्या आधीच्या फोटोग्राफरनं कधी तक्रार केली नाही.”

“तो आता कुठं असतो?”

“नोकरी सोडून गेला.”

“कावून?”

“ते काही बोलला नाही,” साहेब म्हणाले.

पण माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी माझा अर्ज स्वतः इंग्रजीत लिहून दिला: दिवसभर अवजड सामान उचलण्यासाठी आरामशीर स्लिंग, नग एक. स्लिंग म्हणजे खांद्याचा पट्टा, असं त्यांच्या डिक्शनरीत होतं. आमच्या गोदामातल्या बाबूच्या रजिस्टरात मात्र स्लिंगचा एकच अर्थ होता. क्रेननं गर्डर उचलताना जो तारेचा जाड दोर त्याला बांधतात, तो. बाबूनं अर्जातलं ‘आरामशीर’ खोडलं, कारण त्याला रकाना नव्हता, आणि विचारणा करणारा कागद उलट पाठवला. वजन किती टन? क्रेन कितव्या नंबरची?

“रिकामा रकाना चालत नाही,” साहेब म्हणाले आणि क्रेनच्या पुढं माझा हजेरी नंबर टाकून मोकळे झाले. वजनाच्या पुढं त्यांनी विचार करून ‘बऱ्यापैकी’ लिहिलं.

पुढचा कागद सुरक्षेच्या माणसाकडून थेट माझ्या नावावर आला. सदर क्रेनचे ब्रेक तपासले आहेत काय, बूमला, म्हणजे क्रेनच्या लांब हाताला, तडा नाही ना, आणि मागच्या पावसाळ्यात गंज चढला होता काय. मी तो घेऊन साहेबांकडं धावलो. म्हटलं, काहीतरी घोटाळा झालाय, हे मला क्रेन समजतायत.

“मग तपासले आहेत म्हणून लिहा ना,” साहेब कागदावरून नजर न उचलता म्हणाले. “आता फाईल चालू लागली आहे, तिला थांबवू नका.”

मी लिहून दिलं. ब्रेक ठीक, तडा नाही, गंज नाही. खाली सही केली.

दोनेक महिन्यांनी कचेरीपुढं ट्रक थांबला. दोन माणसांनी हुश्श करत एक वेटोळं खाली टाकलं. मनगटाएवढा तारेचा दोर, दोन्ही टोकांना लोखंडी कड्या, ग्रीसनं माखलेला. पत्र्याच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, पाच टन. शेजारी सुतळीनं बांधलेल्या चिठ्ठीवर माझं नाव.

साहेब बाहेर आले. त्यांनी दोराकडं पाहिलं, माझ्या खांद्याकडं पाहिलं.

“मजबूत वाटतो,” ते म्हणाले. “मिळाल्याची सही करा.”

सही केली, पण तो दोर घेऊन करू काय? गोदाम परत घेईना, कारण परत घ्यायला तो तुटका असावा लागत होता. मग मी ट्रकवाल्याच्या हातापाया पडून तो वेटोळ्यासकट रिगिंगच्या शेडमध्ये नेला. अवजड लोखंड क्रेननं उचलून जागेवर बसवणारी टोळी तिथं असायची. त्यांचा मिस्त्री भंडाऱ्याकडचा, पन्नाशी उलटलेला, भुवया पांढऱ्या आणि हात बैलाच्या खुरासारखे. शेती सोडून तरुणपणी रेल्वेच्या पुलांवर लागला होता, तिथून इकडं आला. मी सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत होता, ऐकत होता, आणि मग शेडच्या खांबाला टेकून इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“पाच टन! बापा, सकारी जेवून काय येतं रे तू?”

मग हसणं थांबवून त्यानं माझी बॅग हातात घेतली. एका बोटावर तोलून पाहिली, आडवी केली, उभी केली. त्याचा चेहरा एकदम कामाचा झाला. गर्डर पाहतानाही तो असाच पाहायचा.

“हे तं सगळं वजन एका काठावर हाय. बॅटरी कावून भायेरच्या बाजूले ठेवतं?”

“तिथंच जागा आहे.”

“जागा बॅगेले नसते, वजनाले असते. बॅटरी आंगाकडे घे.”

त्यानं सगळं सामान काढायला लावलं आणि स्वतः परत भरलं. मग खडू घेऊन माझ्या सदऱ्यावर रेघा ओढायला लागला. एक खांद्यावरून तिरपी, एक कमरेभोवती. टोळीतली माणसं काम सोडून गोळा झाली.

“आयक,” मिस्त्री म्हणाला. “खांद्यानं फक्त धराचं. उचलाचं कमरेनं. कंबर बसली हाय पायावर, खांदा कशावर बसला हाय? हवेवर.”

फाटक्या ताडपत्रीची दुहेरी पट्टी, तळहाताएवढी रुंद. आत मशिनीखाली घालतात त्या लोकरीच्या जाड नमद्याचा थर. जाड सुईनं त्यानं ती स्वतः शिवली. खांद्यावरून तिरपी जाऊन ती बॅगेला माकडहाडाच्या वर, पाठीशी धरायची आणि कमरेचा दुसरा पट्टा खालून भार घ्यायचा. शिवून झाल्यावर त्यानं मला शेडची शिडी तीनदा चढायला उतरायला लावली, आणि दर वेळी एखादं बोट इकडं, एखादं बोट तिकडं असा पट्टा सरकवला. तिसऱ्यांदा मी वर पोचलो आणि माझ्या लक्षात आलं की मी बॅगेचा विचारच करत नव्हतो. वरून खाली पाहिलं तर मिस्त्री मान वर करून उभा होता.

“दुखते?”

“नाही.”

“मंग उतर. कामं पडले आहेत आमाले.”

पट्टा दिसायला भयंकर होता. हिरवट ताडपत्री, पांढरा दोरा, वर कुठंतरी ऑईलचा डाग. साहेबांनी पाहिला आणि डोळे मिटून घेतले. नेमकं त्याच आठवड्यात दिल्लीहून एक बडे पाहुणे काम पाहायला येणार होते.

“पाहुण्यांसमोर तुम्ही असे टांग्याच्या घोड्यासारखे येणार?” साहेब म्हणाले. त्यांनी त्याच दिवशी दुर्गच्या बाजारातून एक पट्टा मागवला. काळा, चकचकीत, पितळी बकलचा, आणि एक बोट रुंद. रिकामी बॅग अडकवून, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी तो खांद्याला लावून पाहिला. “काही त्रास नाही,” ते म्हणाले. “सवयीचा प्रश्न असतो.”

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी बॅगेला तो काळा पट्टा लावून साहेबांनी आणखी एक निर्णय घेतला. “बॅग आज मी घेतो. तुम्ही कॅमेरा तेवढा हातात धरा.” वर्तमानपत्रांचे फोटोवाले येणार होते. त्यांच्या फोटोत आपण कामात दिसावं, एवढीच त्यांची इच्छा. पाहुण्यांना नमस्कार झाला की बॅग माझ्याकडं देणार होते.

नमस्कार झाला. पाहुणे पुढं निघाले, तेवढ्यात थबकले.

“इतना बोझ आप ख़ुद उठाते हैं?”

“जी, रोज़,” साहेबांच्या तोंडून गेलं.

“वाह!” पाहुणे मागच्या लोकांकडं वळून म्हणाले, “देखिए, ऐसे अफ़सर चाहिए देश को.” आणि त्यांनी साहेबांना हाताला धरून शेजारी घेतलं, ते दिवसभर सोडलं नाही.

बॅग द्यायची कशी? मी दोनदा जवळ गेलो, हात पुढं केला. पाहुण्यांनीच मला मागं सारलं, “नहीं नहीं, उन्हें आदत है.” फर्नेसच्या शिड्या झाल्या, कोक भट्ट्या झाल्या, वीजघर झालं. दुपारपर्यंत साहेब उजवीकडं कलले होते. चहाच्या वेळी त्यांना कप डाव्या हातानं उचलावा लागला. त्या दिवशीचे फोटो मी पाहतो तेव्हा कळतं, प्रत्येक फोटोत साहेब आदल्या फोटोपेक्षा थोडे जास्त तिरपे आहेत. मला वाईट वाटलं, हे खरं. सगळं वाईट वाटलं नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते मान न वळवता. त्यांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं.

“तो तुमचा… हिरवा. तो कोणी शिवला?”

मी मिस्त्रीचं सांगितलं. त्यांनी तो हातात घेतला, नमदा दाबून पाहिला. मग आपल्या काळ्या पट्ट्याकडं बोट दाखवून म्हणाले, “तो कुठंतरी टाकून द्या. मला दिसला नाही पाहिजे.”

महिन्याभरात कचेरीचा हुकूम निघाला की पट्ट्यांचा अभ्यास करून साहेबांनी एक सुधारित नमुना तयार केला असून फोटोग्राफरानं तोच वापरावा. खाली साहेबांची सही होती. मिस्त्रीचं नाव कुठंच नव्हतं. मी तो कागद घेऊन शेडमध्ये गेलो, रागानं वाचून दाखवला. मिस्त्री विडी ओढत ऐकत होता.

“साहेबानं दिवसभर उचलली का बॅग?”

“उचलली.”

“मंग केला ना अभ्यास त्यानं,” मिस्त्री म्हणाला.

माझं समाधान होईना. निदान फोटो तरी काढावा म्हणून मी त्याला टोळीसकट क्रेनखाली उभं केलं. प्रगतीच्या फोटोंत माणसं नकोत असा आमच्याकडं नियम होता, म्हणून प्लेट मी चोरून वापरली. फोटो छान आला. ऊन डाव्या बाजूनं, सगळ्यांचे चेहरे स्वच्छ, मिस्त्री मधोमध, मागं गर्डर उचललेला. मोठा प्रिंट काढून मी त्याला नेऊन दिला. त्यानं हात पुसून तो घेतला, उन्हात नेऊन न्याहाळला. कोणाच्या चेहऱ्याकडं त्याचं लक्ष नव्हतं.

“हा गर्डर कोनं बांधला?” तो ओरडला. टोळीतले दोघे मान खाली घालून उभे राहिले. “दोर एका बाजूले सरकला हाय. पाह्य, पाह्य इथी.” मग माझ्याकडं वळून त्यानं फोटो परत दिला. “हा कोनाले दाखवू नको बापा. आमच्या कामाले नाव ठेवतील लोक.”