तुमाले कसं माहीत?

आमच्या कॉलेजात दरवर्षी एक राष्ट्रीय परिसंवाद होतो. राष्ट्रीय म्हणजे वाशीम, अकोला, हिंगोली आणि नशीब जोरावर असलं तर तेलंगणातला एखादा पाहुणा. विषयाचं नाव इतकं लांब ठेवतात की बॅनरवर ते तीन ओळींत बसवावं लागतं, कारण विज्ञान, तत्त्वज्ञान, धर्म, राजकीय इतिहास अशा सगळ्यांना त्यात शिरता आलं पाहिजे. गांडूळखतावरचा निबंध संपला की वेदान्तावरचा सुरू होतो आणि त्याच्या पाठोपाठ संस्थानांच्या विलीनीकरणाचा. मी या प्रकाराला भरपूर नावं ठेवते आणि दरवर्षी सगळ्यांच्या आधी पुढच्या रांगेत जाऊन बसते. मला तो आवडतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

निबंध साठेक असतात, म्हणून प्रत्येकाला पाच मिनिटं. पाच मिनिटं झाली की घंटी वाजते. पितळेची, हातात धरून हलवायची, ऑफिसातल्या कपाटातली. मी आता याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, आणि यंदा ती घंटी माझ्या हाती आली.

"मॅडम, पाच म्हणजे पाच," उपप्राचार्य म्हणाले. "तोंड पाहून वाजवू नका."

ते कोणाच्या तोंडाबद्दल बोलत होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तत्त्वज्ञानाचे आमचे सर त्या महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोणी येणार नव्हतं, विषयच बंद होणार होता. गेली पंचवीस-तीस वर्षं सर एकच निबंध लिहीत होते, आणि तो त्यांनी आजवर कुठल्याच परिसंवादात शेवटपर्यंत वाचलेला नव्हता. तिसऱ्या पानावर घंटी वाजायची, सर "धन्यवाद" म्हणून खाली बसायचे. छापायला द्यावा तर सहा पानांची मर्यादा. "माणसांचं बोलणं आहे त्यात, ते कसं कापू?" असं म्हणून सर तो परत पिशवीत घालायचे. हा त्यांचा शेवटचा परिसंवाद होता. आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ते म्हणाले, "एकदा पुरा वाचून झाला असता तर बरं झालं असतं." त्यांनी माझ्याकडे सवलत मागितली नाही. मागितली असती तर मला सोपं गेलं असतं.

या माणसाची मी एकेकाळी एकुलती एक विद्यार्थिनी होते. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणारी त्या वर्षी मी एकटीच. बाकीच्या मुलींनी गृहअर्थशास्त्र घेतलं आणि मला वेड्यात काढलं. सर रोज हजेरी घ्यायचे. रजिस्टर उघडून, चष्मा लावून, "रोल नंबर एक" म्हणायचे आणि मी "हजर" म्हणेपर्यंत वर बघायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही, तर त्यांनी खरंच गैरहजेरी मांडली आणि रिकाम्या बाकांकडे बघत तासभर शिकवलं. मी समोरच बसले होते! मला इतका राग आला होता की सांगता सोय नाही.

सरांचा निबंध ज्या प्रश्नावर होता तो अगदी साधा होता. ते कोणालाही विचारायचे, तुम्हाला हे कसं माहीत? प्रश्न विचारायला ते सुट्टीच्या दिवशी एसटीने निघायचे, कधी रिसोडकडे, कधी यात्रेच्या गर्दीत उभ्यानं पोहरादेवीला, आणि माझ्या वडिलांनी हो म्हटलं की मलाही सोबत न्यायचे. मी वही धरायची. माती तपासणाऱ्या एका माणसाला सरांनी विचारलं, ही जमीन खारवट आहे हे तुमाले कसं माहीत? तो म्हणाला, मशीन सांगते. मशीनले कसं माहीत? तो जरा वैतागला, मग हसला. "रोज सकाळी त्याले दोन बाटल्या दाखवतो न सर, ज्याइचा आकडा पह्यलेच पक्का असते. त्या बरोबर सांगितल्या त बाकीच्यावर भरोसा ठेवतो." सर परतीच्या बसमध्ये इतके खुशीत होते की त्यांनी मला दोन रुपयांच्या गोळ्या घेऊन दिल्या.

मंगरूळपीरला दर्ग्यातल्या एका म्हाताऱ्या चाचांना विचारलं, नवस पुरे होतात हे कसं माहीत? चाचा म्हणाले, "ज्यायचे पुरे होतात ते चादर घेऊन परत येतात. जे येत नाईत ते मले दिसतच नाईत, त्यायचं म्या कसं सांगू?" सरांनी त्यांचे हात धरले होते. असं उत्तर मोठमोठ्या पुस्तकांत शोधावं लागतं, असं ते म्हणाले आणि पुस्तकांची नावं सांगता सांगता आमची बस निघून गेली.

आता ज्याची मला अजून खंत वाटते ते सांगते. बी.ए.च्या शेवटच्या तासाला सरांनी वही काढली आणि प्रश्न मलाच विचारला. "तीन वर्षं तू हा विषय शिकलीस. यातून काही मिळतं, हे तुला कसं माहीत?" मी उत्तरं तयार करून आले होते, चांगली पाच-सहा. पण सर पेन उघडून वाट बघत बसले आणि मला त्यातलं एकही खरं वाटेना. "माहीत नाही, सर," मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं, टोपण लावलं, वही मिटली आणि बस पकडायला निघून गेले. बरोबर म्हणाले नाहीत, चूक म्हणाले नाहीत. एकुलत्या एका विद्यार्थिनीने त्यांना असं उत्तर द्यावं! मी घरी जाऊन रडले, आणि एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलं. विषय का सोडला, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

परिसंवादाच्या दिवशी सरांचा नंबर जेवणानंतरच्या सत्रात आला, तोही शेवटचा. सभागृह निम्मं रिकामं होतं, उरलेले पेंगत होते. दुपारचं जेवणच तसं होतं, रोडगे आणि वांग्याची भाजी. ते रांधणारी बाई आमच्या भागातल्या लग्नांत पाचशे-सहाशे माणसांचा स्वयंपाक एकटीच्या देखरेखीखाली करते. ती भांडी मोजून झाल्यावर पदराला हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. सरांनी तिलाही एकदा प्रश्न विचारला होता, म्हणून तिला ऐकायचं होतं.

सरांनी वाचायला सुरुवात केली. मोबाईलवर मिनिटं पळत होती. प्रश्नाची मांडणी झाली, मातीवाला झाला, मग स्वयंपाकीण आली. भाजीत मीठ बरोबर पडलं, हे न चाखता कसं माहीत? "त्या म्हणाल्या, उकळीचा वास बदलतो. मीठ कमी असलं तर वास वर येतो, बरोबर असलं तर..."

पाच मिनिटं झाली. उपप्राचार्य माझ्याकडे बघत होते. सरांनी आयुष्यात कोणाची हजेरी तोंड पाहून मांडली नव्हती, मग मी त्यांच्यासाठी तरी वेगळं कसं करणार? मी घंटी वाजवली. मला स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटला.

"धन्यवाद," सर म्हणाले आणि कागदांची घडी घालू लागले.

अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "काही प्रश्न?" हा नुसता बोलण्याचा भाग असतो. आमच्याकडे प्रश्न कोणी विचारत नाही, सगळ्यांचं लक्ष चहाकडे असतं.

"मले इचारायचं हाय," दारातून आवाज आला. "सरनं माहं अर्धंच वाचलं. लोकायले वाटन का मी कधी चाखतच नाई. काहून अर्धं ठेवलं? पुरं वाचा न."

लोक हसले, पेंगणारे जागे झाले. सरांनी उपप्राचार्यांकडे पाहिलं, उपप्राचार्यांनी माझ्याकडे. मी कार्यक्रमपत्रिका उचलून दाखवली. "प्रश्नोत्तरांना वेळेची मर्यादा दिलेली नाही, सर. आणि घंटी फक्त वाचनाला आहे."

सरांनी घडी उघडली. "बरोबर असलं तर वास बसतो. पण ज्या दिवशी घरून भांडून येते, त्या दिवशी मी चाखून पाहते. त्या दिवशी माझ्या नाकावर माझा भरवसा नसतो."

"आता झालं पुरं," बाई म्हणाली आणि चौकटीला टेकून तिथंच उभी राहिली.

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात उपप्राचार्यच म्हणाले, "आणि पुढं कोणाला विचारलं?" हा माणूस वनस्पतिशास्त्राचा, वेळेचा महाकडक. त्यांचा आवाज काही वेगळाच लागला होता. मी घंटीचा लोलक चिमटीत धरून ठेवला, चुकूनसुद्धा वाजू नये म्हणून.

सरांनी दर्ग्यातले चाचा वाचले. मग विहारातले एक आजोबा वाचले. ते लहानपणी वडिलांचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेले होते. आपण त्या दिवशी बदललो हे कसं माहीत, असं त्यांना विचारलं होतं. "गावात परत आलो त मान वर करून चाललो. तीन दिवस मान दुखली. तशी चालायची सवयच नव्हती." चहावाला ट्रे घेऊन आला होता, तो दाराशीच बाईच्या शेजारी ऐकत थांबला.

शेवटचं पान आलं. सर खाली बघूनच वाचत होते.

"मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सर्वांनी काही ना काही उत्तर दिलं. एका विद्यार्थिनीने दिलं नाही. तिला सोयीचं बोलता आलं असतं, कारण समोर तिला गुण देणारा माणूस बसला होता. ती 'माहीत नाही' म्हणाली. त्या दिवसापासून मी वहीच्या प्रत्येक पानावर एक बाजू कोरी ठेवू लागलो, कोणालाच माहीत नसलेल्या गोष्टींसाठी. तोपर्यंत मी उत्तरं गोळा करत होतो. माझं संशोधन तिथून सुरू झालं."

टाळ्या वाजल्या. मला वाजवता आल्या नाहीत, हातात घंटी होती आणि डोळ्यांतलं पुसायला दुसरा हात लागत होता.

सगळे चहाला गेल्यावर सर व्हरांड्यात पिशवीत कागद भरत होते. मी जवळ गेले आणि इतक्या वर्षांचं एका दमात बोलून टाकलं.

"सर, त्या दिवशी तुमी काईच काहून नाई बोलले? मले वाटलं, मी नापास झाली. म्या विषय सोडला न त्याच्यापाई."

सरांनी पिशवी खाली ठेवली.

"तवा मले तरी कुठं माहीत होतं बाई, का ते उत्तर बरोबर हाय? साऱ्या जिल्ह्याले विचारत फिरा लागलं न."