बावीस नंबरची वायर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही — आणि कंपनीच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटताना ज्यांनी मला बरोबर नेलं, त्यांना तरी सांगायला हवं होतं. आमच्या घरात खोटं बोलणं हे मालकांचं काम होतं. आमचं नव्हे.

तुम्ही निखिलला ओळखत नाही. जर्मनीत डार्मश्टाटला शिकताना आम्ही एकाच वेगेत, म्हणजे वाटून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायचो, किचन सामायिक. त्याला सिगारेट सोडायची होती. मी ओढत नव्हतो, पण तंबाखू कंपन्यांवर आमच्या मराठी मुलांच्या ग्रुपवर जळजळीत लिहायचो. त्यांच्याकडून व्हेप, ती वाफेची सिगारेटसुद्धा घेऊ नका, स्वतः बनवा! निखिलने ते मनावर घेतलं. लाकडी डबी, दोन सेल, बटण, वर वाफ करणारी कॉइल. त्याचा हात सुरेख होता. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये सर्किटं जोडायचं काम त्याला मिळाल्यातच जमा होतं.

वायर कुठली घ्यायची, एवढंच त्याने मला विचारलं. मला का? कारण मी सगळ्यावर ठामपणे बोलायचो. अमेरिकन फोरमवर गेजचे, म्हणजे तिकडच्या जाडीच्या मापाचे आकडे होते — सोळा, अठरा, बावीस. इथल्या दुकानात वायर चौरस मिलिमीटरवर मिळते. आकडा मोठा, वायर जाड. मी तेच धरून चाललो.

"बावीस मागव. सगळ्यात जाड."

गेजमध्ये उलटं असतं. आकडा वाढला की वायर बारीक. मला माहीत नव्हतं — पण मी सांगायला बसलोय ते हे नाही.

वायर शनिवारी आली. जोडायला बसलो तो रविवार होता; इथे रविवारी आवाज चालत नाही, ड्रिल चालवलं तर खालची बाई बेल वाजवायची, पण सोल्डरिंगला आवाज नसतो. निखिलने वायर बोटांत फिरवली.

"ए, ही फार बारीक वाटते रे. झेपेल हिला एवढा करंट?"

मला दिसत होतं. आकडा उलटा असणार, हे त्याच क्षणी डोक्यात आलं होतं. फोन खिशातच होता. बघायला काय झालं असतं?

"घाबरलास? तुझ्यासारख्या घाबरटांवरच कंपन्या जगतात."

"गेनाऊ, अगदी बरोबर, कॉम्रेड," तो हसला आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

पहिल्या झुरक्यांना काही झालं नाही. मग त्याने बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं. प्लास्टिक वितळल्याचा वास आला — मला आला, मी गप्प बसलो — आणि डबीतून फस्सकन ज्वाळा आली. उजव्या हाताचा तळवा भाजला. त्याचं ओरडणं मी इथे लिहिणार नाही.

शेजारच्या खोलीतला मुलगा त्याला हॉस्पिटलात घेऊन गेला. आवरतो म्हणून मी मागे थांबलो.

डबी उघडली. वायरवरचं प्लास्टिक वितळून दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. निखिलने केलेले सांधे मात्र जसेच्या तसे, चकचकीत. मी वायर उपटली. शेजारच्या इमारतीच्या कचऱ्यात टाकली. आणि मग — हेच ते — आयर्न पुन्हा तापवलं आणि त्याचे चांगले सांधे माझ्या हाताने बिघडवले.

तो पट्टी बांधून आला. "काय झालं असेल रे?"

"तुझं सोल्डरिंग सुटलं. वायर जळाली, ती टाकली मी."

त्याने डाव्या हाताने डबी उचलून सांधे बघितले. "हो रे. माझंच चुकलं."

तिथे तरी थांबलो का? ग्रुपवर लिहिलं — नाव न घेता, पण कळेल असं — निष्काळजी हातांबद्दल. वाहवा झाली. निखिलनेही अंगठा पाठवला. डाव्या हाताने दाबला असणार.

तळवा बरा झाला. लॅबचं काम त्याने स्वतःहून नाकारलं. माझ्या हाताचा भरवसा नाही, म्हणाला. तो सॉफ्टवेअरकडे वळला. मी लिहीत राहिलो — सत्तेला जाब विचारणारं, वगैरे.

मागच्या हिवाळ्यात न्युरेम्बर्गला त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या मुलीच्या खेळण्यातल्या आगगाडीची तार तुटली होती. त्याने गाडी माझ्यापुढे ठेवली.

"तूच कर बाबा. माझा हात कसा आहे, तुला माहीतच आहे."

मला माहीत होतं. मी तार जोडली. गाडी धावली.

"काकाला थँक्यू म्हण," तो मुलीला म्हणाला.

"डांके," ती म्हणाली.

आणि आभार स्वीकारत मी म्हणालो, "बिट्टे."